डावा कट जातो, उजवा जात नाही: तालुक्याच्या टेबलावरचं एक प्रकरण

ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिनिंगच्या रस्त्याला लागून पत्र्याचा हॉल, आत आठ फुटी पूल टेबल आणि पलीकडे दोन कॅरम बोर्ड. खेळाडू विशीतला, उजव्या हाताचा. शाळेपासून कॅरम चांगला खेळतो, पूलकडे वळून वर्ष झालेलं. तक्रार त्याच्याच शब्दांत: “भाऊ, डावीकडचा कट डोळे झाकून जाते. उजवीकडचा काहून जाऊन नाई राहिला?”

डावीकडचा कट म्हणजे पाडायचा बॉल डावीकडे वळवून डाव्या कोपऱ्याच्या पॉकेटात घालायचा. उजवीकडचा म्हणजे तोच शॉट आरशात पाहिल्यासारखा. टेबलाभोवती उभ्या असलेल्यांनी एकमतानं इलाज सांगितला होता: “उजवीकडं जरा पातळ लाव.” म्हणजे पांढरा बॉल (काठीनं मारायचा तो) पाडायच्या बॉलला कमी भरून लाव. तो त्यानं इमानदारीनं केला. एखादा दिवस बॉल पडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा इलाज का टिकत नव्हता हे पाहायचं तर आधी शॉट एकच ठरवावा लागतो. खेळताना प्रत्येक बॉल वेगळ्या जागी, वेगळ्या अंतरावर, वेगळ्या वेगानं येतो. त्यातून “माझा उजवा कट कच्चा” यापलीकडे काही हाती लागत नाही.

ठरवलेला शॉट

या टेबलाची खेळायची जागा कुशनच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) टोकापासून टोकापर्यंत साधारण २२४ बाय ११२ सें.मी. भरते. म्हणजे लाकडावरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर २८ सें.मी. रॅक लावताना (सुरुवातीला बॉल त्रिकोणात मांडताना) पुढचा बॉल ज्या स्पॉटवर येतो, त्या स्पॉटवर पाडायचा बॉल ठेवला. स्पॉट आखूड कुशनपासून ५६ सें.मी. आणि दोन्ही लांब कुशनांपासूनही ५६ सें.मी., त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांची पॉकेटं बरोबर ४५ अंशांत आणि सारख्याच अंतरावर, सुमारे ७९ सें.मी.

डाव्या कटासाठी पांढरा बॉल स्पॉटपासून ७२ सें.मी. मागे आणि टेबलाच्या मधल्या रेषेपासून २२ सें.मी. उजवीकडे. उजव्या कटासाठी तेच माप डावीकडे. या जागेवरून कट ३० अंशांचा येतो, म्हणजे चोख हाफ बॉल: पांढऱ्याच्या मध्यातून निघालेली रेषा पाडायच्या बॉलच्या कडेला स्पर्शून जाते. हाच कोन घेण्याचं कारण म्हणजे इथे निशाणा धरायला डोळ्याला बॉलची खरी कड मिळते, हवेतला बिंदू कल्पावा लागत नाही. बॉलच्या जागांवर खाकी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले. चॉकनं ठिपके काढू नयेत, तो चॉक बॉलला लागतो आणि चाचणीच बिघडवतो.

दोन्हीकडून दहा-दहाचे फेरे घेतले. वेग रोजचाच: बॉल पॉकेटात पडेल आणि चुकला तर टेबलाच्या निम्म्यापर्यंत परतेल इतका. पांढऱ्याला मध्यावर मार, मुद्दाम साइड (बाजूला मारून दिलेली फिरकी) नाही. पडला की चुकला एवढंच न लिहिता चुकलेला बॉल आधी कोणत्या कुशनला लागला ते लिहायचं. या मांडणीत कट जाड बसला, म्हणजे पांढरा जास्त भरून लागला, तर बॉल पुरेसा वळत नाही आणि आखूड कुशनला लागतो. पातळ बसला तर जास्त वळून लांब कुशनला.

उजवीकडचे जवळजवळ सगळे चुकले, आणि चुकलेला प्रत्येक बॉल आखूड कुशनला, पॉकेटच्या मध्यापासून चारेक बोटं बाजूला. म्हणजे जाड, आणि सातत्यानं जाड. डावीकडचे बहुतेक पडले, पण पडणारे आखूड कुशनच्या बाजूच्या जबड्याला, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या कडेला, किंचित पुसून जात होते. ही दुसरी नोंद कोणी केलीच नव्हती, कारण पडलेल्या बॉलकडे कोण बघतं.

किती चूक चालते

पूलच्या बॉलचा नियमातला व्यास ५७.१५ मि.मी. या टेबलाच्या कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड मोजून १२ सें.मी. भरलं, म्हणजे स्पर्धेच्या टेबलापेक्षा थोडं सैल. तिथे ते साडेअकरा सें.मी.च्या आसपास असतं. १२ मधून बॉलची रुंदी वजा केली तर दोन्ही बाजूंना सुमारे ३.१ सें.मी. उरतात. ७९ सें.मी. अंतरावर ३.१ सें.मी. म्हणजे सव्वादोन अंश. बॉल एवढा इकडेतिकडे गेला तरी पडणार.

आता मागे जाऊ. हाफ बॉलच्या शॉटमध्ये पांढरा ठरलेल्या जागेपेक्षा १ मि.मी. बाजूला येऊन आदळला, तर पाडायच्या बॉलची दिशा सुमारे १.१५ अंशानं बदलते. त्यामुळे सव्वादोन अंशांची सूट पांढऱ्याच्या बाबतीत फक्त २ मि.मी. उरते, तीही ७० सें.मी. चालून आल्यावर. क्यूच्या (मारायच्या काठीच्या) दिशेत एक अंशाच्या सहाव्या हिश्शाची चूक झाली की सगळी सूट संपली. हे आकडे घाबरवायला दिलेले नाहीत. चूक ‘मोठी’ दिसते म्हणून तिचं कारणही मोठं असेल, असं इथे समजता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

जाड-जाड आणि जाड-पातळ

कट चुकण्याच्या कारणांचे दोन गट पडतात आणि ते वेगळे ओळखता येतात.

पहिल्या गटातली कारणं डावं-उजवं पाहत नाहीत. बॉल मळलेले असतील, शॉट फार हळू असेल, किंवा खेळाडू निशाणाच मुळात भरून धरत असेल, तर दोन्हीकडचे कट जाड बसतात. दुसऱ्या गटातली कारणं पांढऱ्याला एका ठरावीक बाजूला नेतात: डोकं चुकीच्या जागी, क्यू तिरका, नकळत लागणारी साइड, टेबलाचा उतार. समजा पांढरा नेहमी २ मि.मी. उजवीकडे जातो. डाव्या कटात पांढऱ्याला बॉलच्या उजव्या अंगाला लागायचं असतं, तो आणखी उजवीकडे गेला की कट पातळ होतो. उजव्या कटात त्याला डाव्या अंगाला लागायचं असतं, तिथे तो उजवीकडे सरकला की जास्त भरून बसतो. एकच दोष एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड.

या खेळाडूचा उजवा कट खूप जाड आणि डावा किंचित जाड होता. निव्वळ पहिला गट असता तर दोन्ही सारखेच जाड हवे होते. निव्वळ दुसरा असता तर डावा पातळ हवा होता. म्हणून दोन्ही गटांतलं एकेक कारण एकाच वेळी काम करत असल्याचा संशय पक्का झाला. मळलेल्या बॉलमुळे ३ अंश जाड आणि पांढरा २ मि.मी. उजवीकडे गेल्यानं २.३ अंश, असं धरून पाहा. उजव्या कटात बेरीज होते: ५.३ अंश जाड, पॉकेटपाशी सव्वासात सें.मी. चूक. डाव्या कटात वजाबाकी होते: ०.७ अंश जाड, एक सें.मी., बॉल पडतो. टेबलावर दिसत होतं ते अगदी हेच.

म्हणजे डावा कट चांगला नव्हताच. त्यात दोन चुका एकमेकींना खात होत्या.

“पातळ लाव” हा सल्ला का टिकला नाही तेही यातून उलगडतं. ७० सें.मी.वरून उजवा कट पाडायला ५.३ अंशांची भरपाई लागते. पांढरा ३५ सें.मी.वर असेल तर बाजूला जाण्याची चूक निम्मी होते, भरपाई जास्त होते आणि कट पातळ होण्याकडे झुकतो. १४० सें.मी.वर ती चूक दुप्पट, ४ मि.मी. होते, भरपाई कमी पडते आणि कट पुन्हा जाड. दरम्यान बॉल मळल्यामुळे येणारी चूक पांढऱ्याच्या अंतरावर अवलंबून नसते, ती वेगावर असते. दोन वेगळ्या नियमांनी वाढणाऱ्या चुका एकाच अंदाजानं भरून काढायला गेलं की आज जमतं, उद्या नाही. डाव्या कटात मात्र हाच हिशेब ३५ सें.मी.ला १.८५ अंश जाड, ७० ला ०.७ जाड आणि १४० ला १.६ अंश पातळ असा येतो, म्हणजे तिन्ही सव्वादोनच्या आत. त्याला डावीकडचा विश्वास वाटत होता तो असा.

हिशेब कागदावर जुळला म्हणून खरा ठरत नाही. एकेक संशयित वेगळा काढून पाहावा लागला.

टेबल

विदर्भातल्या टेबलांवर पहिला संशय टेबलावरच घ्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर बसवलेली फरशी वर्षातून दोनदा जागा बदलते. जूनमध्ये सपाट केलेलं टेबल दिवाळीत सपाट असेलच असं नाही. गवंड्याची लेव्हल ढोबळ कामाला ठीक, शेवटचा निकाल बॉलच देतो. घडी घातलेल्या कार्डाच्या उतारावरून बॉल सोडायचा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम पोचेल इतका हळू. हातानं ढकलू नये, हात साइड देतो.

इथे बॉल मरता मरता शेवटच्या हातभर अंतरात दाराकडे अर्ध्या बॉलइतका वळत होता. दोष होता, पण शॉटच्या वेगात तेवढ्या अंतरात तो दिसत नव्हता. खरी चाचणी सोपी आहे: सगळी मांडणी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला करायची आणि तिकडून तेच शॉट मारायचे. खेळाडूचं उजवं आता टेबलाचं दुसरं अंग होतं. दोष टेबलाचा असेल तर वाईट बाजू बदलून डावी होईल, खेळाडूचा असेल तर उजवीच राहील. ती उजवीच राहिली.

याच चाचणीत दिव्याचाही निकाल लागला. हॉलमध्ये टेबलाच्या मधोमध दिवा नव्हता, एका अंगाला ट्यूबलाइट. त्यामुळे प्रत्येक बॉलच्या एका बाजूला सावली चिकटलेली असते आणि खाली वाकल्यावर ती कडेतच मिसळते. हाफ बॉलला कड हाच निशाणा, म्हणून सावलीची शंका रास्त होती. पण सावलीला कड समजलं तर कट पातळ होतो, जाड नाही, आणि टोक बदललं की सावलीची बाजूही बदलते. दिवा सुटला. तरीही दिवा टेबलाच्या मध्यावर आणलेला बरा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच्या एका बल्बखाली कटाचा सराव करणं तर वेळ घालवणंच.

बॉल

बॉल एकमेकांना लागतात त्या क्षणी नुसते आदळत नाहीत, थोडे घासतातही. कटात पांढऱ्याचा पृष्ठभाग पाडायच्या बॉलला आपल्या जाण्याच्या दिशेनं किंचित ओढतो, आणि बॉल भूमितीनं सांगितलेल्या रेषेपेक्षा जाड जातो. याला थ्रो म्हणतात. थ्रोचे तीन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हळू शॉटला तो जास्त असतो, कारण घासण्याचा वेग कमी तेवढी पकड जास्त. पांढरा घसरत येऊन लागला, म्हणजे स्टन शॉट असला, तर तो सर्वांत जास्त. पुढे गडगडत आला तर घासणं उभ्या दिशेतही वाटलं जातं आणि आडवी ओढ कमी होते. आणि हाफ बॉलच्या आसपास तो सर्वांत जाणवतो. हळू स्टन शॉटला, मळक्या बॉलवर, पाचेक अंशांपर्यंत थ्रो येऊ शकतो. सव्वादोन अंशांच्या सुटीपुढे हे फारच झालं.

इथले बॉल खांद्यावरच्या रुमालानं पुसले जात. जिनिंगच्या हंगामात कापसाची बारीक तूस हवेत असते, चॉकची भुकटी, हाताचा घाम, त्यात शेजारच्या कॅरम बोर्डावरून आलेली बोरिक पावडर. ही शेवटची गोष्ट खेळाडूच आणत होता. ब्रिजच्या, म्हणजे क्यू ज्यावर टेकवतात त्या, हाताला क्यू सरकावा म्हणून कॅरमची पावडर चोळायची त्याची सवय. ती कापडावर पडते, बॉलला लागते आणि चॉकसोबत तिचा लेप बसतो.

चाचणी: तोच उजवा आणि डावा कट, एकदा हळू आणि स्टननं, एकदा मध्यम वेगानं, पांढऱ्याच्या मध्याच्या एक टिपभर (क्यूच्या टोकाएवढं) वर मारून, म्हणजे फॉलोनं. हळू स्टनला दोन्ही बाजू आणखी जाड झाल्या, डावाही चुकू लागला. मध्यम फॉलोला उजवा पॉकेटाच्या जवळ सरकला, तरी बाहेरच. आणि डावा, लांबून मारला तेव्हा, प्रथमच लांब कुशनला लागला: पातळ. थ्रोनं झाकलेली दुसरी चूक उघडी पडली होती.

मग बॉल धुतले. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं, स्वच्छ पाण्यातून काढून लगेच कोरडे. रॉकेल, थिनर, राख, घासणी यांपैकी काही नको. गाडीचं पॉलिशही नको. त्यानं थ्रो पहिले काही दिवस कमी होतो, मग वाढतो, आणि खेळाडूचा अंदाज दोनदा बिघडतो. धुतल्यावर उजवा कट जवळ आला. पाच सें.मी.च्या आसपासची चूक उरली.

रेषा

उरलेली चूक पांढरा उजवीकडे जाण्याची होती, पण ती नकळत साइड लागल्यानं की निशाणाच वाकडा धरल्यानं, हे वेगळं करायचं होतं. पट्ट्याचा बॉल पांढऱ्याच्या जागी घेतला, पट्टा उभा, क्यूच्या रेषेत. मध्यावर मार बसला तर पट्टा चाकासारखा सरळ फिरतो, साइड लागली तर डगमगतो. पट्टा सरळ फिरला. साइड नव्हती.

पुढची चाचणी सरळ शॉटची. पाडायचा बॉल, पॉकेट आणि पांढरा एका रेषेत, पांढरा ७० सें.मी. मागे. हे शॉट पडत होते, पण प्रत्येक बॉल डाव्या जबड्याला घासून. पांढरा २ मि.मी. उजवीकडे लागला की पाडायचा बॉल २ अंश डावीकडे जातो, पॉकेटपाशी पावणेतीन सें.मी. सुटीच्या आत, म्हणून पडतो. वर्षभर हे दिसत होतं आणि ‘पडला’ यातच जमा होत होतं.

आता डोकं. दोन स्पॉटांमध्ये काळा दोरा ताणून चिकटपट्टीनं बसवला आणि क्यू बरोबर त्याच्यावर धरायला लावला, दुसऱ्याच्या हातानं तपासून. मग खेळाडूनं नेहमीसारखं खाली वाकायचं आणि सांगायचं, क्यू सरळ दिसतो की तिरका? त्याला तो डावीकडे रोखलेला दिसला. म्हणजे ज्याला तो सरळ समजतो ती दिशा प्रत्यक्षात उजवीकडे जाते. समोर आखूड कुशनला न्हाव्याकडचा असतो तसा हातआरसा टेकवला, त्यात क्यू चेहऱ्याच्या कोणत्या भागाखाली आहे ते दिसलं: उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेखाली. डोकं हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं. क्यू उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्याखाली आला तेव्हा दोरा आणि क्यू एकच दिसू लागले. सरकवलं ते जेमतेम तीन सें.मी.

इथे एक सल्ला हटकून मिळतो: जो डोळा जोरदार, त्याच्याखाली क्यू ठेवा. तो अर्धवट आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळताना प्रत्येकाची सरळ दिसण्याची जागा वेगळी असते. ती डोळ्याखाली असेल, हनुवटीखाली असेल किंवा मधेच कुठेतरी. दोरा आणि आरसा ती दाखवतात, नियम नाही.

कॅरमचा वारसा

डोकं तिथे का गेलं, याचं उत्तर कॅरममध्ये सापडलं. कॅरममध्ये माणूस बसलेला असतो, खुर्ची हलवायची मुभा नसते, आणि नजर बोर्डावर वरून पडते. तिरक्या रेषेकडेही तो सरळ बसूनच बघतो. हा खेळाडू पूलमध्येही आधी सरळ उभा राहून निशाणा ठरवी, मग शरीर एका बाजूनं आत आणून वाकत असे. उभ्यानं पाहिलेली रेषा खरी असे, वाकताना डोकं तिच्यावरून ओलांडून जाई.

दुसरी सवय जास्त खोल आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर बेसलाइनवर कुठे ठेवायचा ते खेळाडूच्या हातात असतं. चांगला खेळाडू तो सरकवून अवघड कटाचा सोपा कट करून घेतो आणि आपल्या आवडत्या दोन-तीन कोनांवर जगतो. पूलमध्ये पांढरा जिथे थांबला तिथूनच मारायचं. त्यामुळे कॅरमवरून आलेल्यांचा मधला कट, २५ ते ४० अंशांचा, बहुधा कच्चा निघतो. सरळ आणि अगदी पातळ शॉट त्या मानानं बरे असतात.

मापंही फसवतात. स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सें.मी., सोंगटीचा ३.१८ पर्यंत. सोंगटीवर जिथे टेकायचं त्या बिंदूपासून स्ट्रायकरचा मध्य सुमारे २ सें.मी. मागे येतो. पूलमध्ये दोन्ही बॉल सारखे, आणि पांढऱ्याचा मध्य टेकण्याच्या बिंदूपासून २.८६ सें.मी. मागे. टेकण्याच्या बिंदूकडेच पांढऱ्याचा मध्य रोखला तर हाफ बॉलचा ३० अंशांचा कट साडेचौदा अंशांचाच होतो. नवशिक्यांचा जाड कट बहुतेक वेळा हाच. हा खेळाडू तेवढा कच्चा नव्हता, हाताला अंदाज होता. पण निशाणा कुठे धरतोस असं विचारल्यावर तो बोट टेकण्याच्या बिंदूवरच ठेवायचा. शब्दात एक, हातात दुसरं. दडपणाच्या शॉटला अशा वेळी डोकं शब्दांचं ऐकतं.

काय बदललं, कोणत्या क्रमानं

क्रम महत्त्वाचा होता. बॉल मळलेले ठेवून आधी डोकं सुधारलं असतं तर दोन्ही कट ३ अंश जाड झाले असते, म्हणजे चार सें.मी. चूक: उजवा सुधारला नसताच आणि जाणारा डावाही गेला असता. असं झालं की खेळाडू दुसऱ्याच दिवशी जुन्या पद्धतीवर परततो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून आधी बॉल, मग डोकं, शेवटी निशाणा.

बॉल रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं, आठवड्याला साबणानं. पावडर बंद, हात धुऊन कोरडा ठेवायचा, घाम फार असेल तर सुती हातमोजा. चॉक टेबलापासून दूर लावायचा.

उभं राहण्याची पद्धत बदलली. पाडायच्या बॉलच्या मागे जाऊन पॉकेटची रेषा पाहायची, मग पांढऱ्याच्या मागे दोन पावलांवर, क्यूच्या रेषेत. उजवं पाऊल त्या रेषेवर, डावं पुढे-डावीकडे, आणि नजर कडेवरून न हलवता सरळ खाली. वाकल्यावर दिशा चुकलेली वाटली तर मनगटानं दुरुस्त करायची नाही, उठून पुन्हा यायचं. हेच त्याला सर्वांत जड गेलं. ब्रिज पांढऱ्यापासून २० सें.मी.च्या आसपास, तीन-चार झोके, क्षणभर थांबा, मग शॉट. शेवटची नजर पाडायच्या बॉलच्या कडेवर.

निशाण्यासाठी घोस्ट बॉल: पांढरा आदळण्याच्या क्षणी जिथे असायला हवा तिथे एक कल्पनेतला बॉल. तो दिसायला शिकावा म्हणून पुठ्ठ्याची पट्टी कापली, दोन भोकं बरोबर ५७ मि.मी. अंतरावर. एक भोक बॉलच्या जागेवर, पट्टी पॉकेटच्या रेषेत मागे, दुसऱ्या भोकातून कापडावर घोस्टच्या मध्याची खूण, तीही चिकटपट्टीच्या कणाची. काही फेरे खुणेकडे बघून, मग खूण काढून कडेकडे बघून. धुतलेल्या बॉलवरही मध्यम वेगात अंशभर ते दीड अंश थ्रो राहतोच; त्यासाठी हाफ बॉलला निशाणा कडेच्या किंचित, मि.मी.भर, बाहेर. बाहेरची साइड देऊन थ्रो खोडून काढता येतो, उजव्या कटात पांढऱ्याच्या डाव्या अंगाला मारून, पण साइड दिली की पांढरा स्वतःच रेषा सोडतो. रेषाच नुकती सापडलेल्या खेळाडूला हे सांगू नये.

निकाल दोन टप्प्यांत आला. बॉल आणि डोकं जागेवर आल्यावर ठरलेल्या शॉटवर दोन्ही बाजू सारख्याच पडू लागल्या, आणि चुकलेले दोन्हीकडे आखूड कुशनलाच, म्हणजे उरला तो थोडा थ्रो. तो निशाण्यानं गेला. सामन्यात मात्र उजवीकडे बॉल आला की जुनं “पातळ लाव” हातात जागं व्हायचं आणि आता कट खरोखरच पातळ बसून लांब कुशनला लागायचा. ही चूक नव्या दोषाची नाही, जुन्या भरपाईची. तिच्यावर पुन्हा उलटी भरपाई करू नये एवढंच पाहावं लागतं. काही आठवडे उजवा आणि डावा कट आलटून पालटून मारण्याचा सराव यासाठीच ठेवला, सलग एकाच बाजूचे नाही.

पातळ कट अजून कच्चेच आहेत. ६० अंशांच्या कटात १ मि.मी.ला २ अंश फरक पडतो, हाफ बॉलच्या जवळजवळ पावणेदोनपट, आणि या टेबलाच्या सुटीत पांढऱ्याला जेमतेम मि.मी.भर जागा उरते. तिथे निशाणा बॉलच्या बाहेर, रिकाम्या कापडावर धरावा लागतो, म्हणून पट्टीचा सराव तिथे पुन्हा पहिल्यापासून. टेबलाचे पाय पावसाळा संपल्यावर उचलून लाकडी पाचरींवर घ्यायचे ठरले आहेत. पुठ्ठ्याच्या घड्या पायाखाली घालायच्या नाहीत. ओलीत दबतात आणि उतार परत येतो.